रेंजवर नेता येईल असा भक्कम शूटिंग बेंच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमबाजीच्या रेंजवर रायफल टेकवून नेम धरायला पक्का बांधलेला बेंच, म्हणजे एक प्रकारचं टेबलच, नसेल, असलेला नेमका दुसऱ्याने धरून ठेवलेला असेल किंवा आपल्या उंचीला तो जमत नसेल, तर स्वतःचा बेंच हवासा वाटतोच. करवत आणि ड्रिल चालवता येणाऱ्या कुणालाही हे काम जमण्यासारखं आहे. खालची मापं मध्यम उंचीच्या, उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्या माणसाची आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

घरातलं घडीचं टेबल नेलं तर काय बिघडलं?

हिशोब करून बघा. रायफल पुढे रेस्टवर, म्हणजे नळीकडच्या टेकूवर, आणि मागे बटाखालच्या, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या टोकाखालच्या, पिशवीवर टेकलेली असते. या दोन टेकूंमध्ये साधारण ५० सेमी अंतर असतं. टेबल लचकलं आणि पुढचा टेकू मागच्याच्या मानाने फक्त ०.१ मिमी खाली गेला, तर नळीचा कोन ५,००० ला १ इतका बदलतो. १०० मीटरवर तो फरक २० मिमी होतो. एक दशांश मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाची जाडी. घडीच्या टेबलावर नुसतं कोपर सरकवलं तरी फळी याच्या कित्येक पट हलते.

यावर कुणी म्हणेल, की हललं तरी स्कोपमधून (रायफलीवरच्या दुर्बिणीतून) दिसतं, पुन्हा नेम धरायचा. खरं आहे. टेबल एकदा झुकून तिथेच थांबलं तर काही बिघडत नाही. खरा त्रास देतं ते सतत हलणारं टेबल. श्वासाबरोबर, नाडीबरोबर, चापावर बोट ठेवताना मनगटातून येणाऱ्या दाबाबरोबर ते हलतच राहतं. ऐन क्षणी ते कुठल्या बाजूला असेल हे कुणाच्याच हातात नसतं.

म्हणजे बेंच जितका जड तितका चांगला?

नाही, आणि बहुतेकांची पहिली गल्लत इथेच होते. काँक्रीटचे पक्के बेंच जड असतात म्हणून चांगले असं वाटतं, पण त्यात एकही सांधा ढिला नसतो हे जास्त महत्त्वाचं. सुट्या बेंचमध्ये हालचाल येते ती पाय आणि फळी जिथे मिळतात तिथून. तिथे अर्धा मिलिमीटर खेळ राहिला तर ४० किलोचा बेंचही डुगडुगतो. तो सांधा घट्ट असेल तर १६-१७ किलोचा बेंच उत्तम काम देतो. वेळ, पैसा आणि मेहनत त्या तीन सांध्यांवर घाला. बाकीचं काम ओबडधोबड राहिलं तरी चालेल.

तीन सांधे? पाय चार नकोत?

तीनच. तिवई कुठल्याही जमिनीवर ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतातच, कारण तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जातं. चौथा पाय आला की खडबडीत जमिनीवर एक पाय अधांतरी राहतो आणि मग दगड नाहीतर पुठ्ठ्याची घडी शोधत बसावं लागतं.

चार पायांचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. चार पायांचा बेंच सहजासहजी कलंडत नाही. तुमची रेंज कायम गुळगुळीत काँक्रीटची असेल तर चार पाय करा, पण एका पायाला तरी उंची कमी-जास्त करणारा स्क्रू बसवा. माती, मुरूम, गवत असं काहीही असेल तर तीन पाय.

फळीचा आकार कसा असावा?

चौकोनी फळीमागे बसलात तर छाती फळीच्या कडेला अडते, रायफल दूर राहते आणि मग मान पुढे ताणून बसावं लागतं. म्हणून अंग आत यायला खाच हवी. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचं धड रायफलीच्या डाव्या बाजूला असतं, त्यामुळे खाच डावीकडे आणि उजवीकडे मागे येणारी शेपटी. शेपटीवर मागची पिशवी आणि उजवं कोपर टेकतं.

बेंच तुम्ही एकटेच वापरणार असाल तर शेपटी उजव्या कडेला सरळ मिळवून घ्या. घरात किंवा क्लबात डावखुरेही असतील तर शेपटी मध्ये घेऊन दोन्ही बाजूंना खाचा ठेवा. या दुसऱ्या आकारात खाच अरुंद होते आणि रुंद बांध्याच्या माणसाला ती जाचते, एवढं धरून चाला.

नेमकी मापं सांगा.

फळीची एकूण लांबी, म्हणजे नेमबाजाकडून लक्ष्याच्या दिशेने, ११० सेमी. पुढची रुंदी ७५ सेमी. मागची ५५ सेमी लांबी शेपटीची आणि तिची रुंदी ४० सेमी. म्हणजे डावीकडे ३५ सेमी रुंद आणि ५५ सेमी खोल खाच मिळते. खाचेचा आतला कोपरा काटकोनात कापू नका, डब्याचं झाकण ठेवून गोल आखून घ्या. तीक्ष्ण कोपऱ्यापासून प्लायला चीर जाते, शिवाय तो पोटात टोचतो.

१२२ सेमी बाय १२२ सेमीच्या तुकड्यात हे सगळं बसतं आणि उरलेल्या पट्टीतून खालच्या बरगड्या (फळी ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या) आणि पायांजवळची जोडफळी निघते. १८ मिमीच्या प्लायची एवढी फळी साधारण साडेसात किलो भरते.

आणि उंची?

बेंच ८० ते ८५ सेमी, बसायचं स्टूल ४५ ते ५० सेमी. दोन्हींतला फरक ३० ते ३५ सेमीच्या आसपास राहिला की बहुतेकांना जमतं. पण आकड्यांवर विसंबू नका. पाइप कापण्याआधी घरात खोकी, विटा, जे मिळेल ते रचून तात्पुरता ओटा करा. रिकामी, तपासलेली रायफल रेस्ट आणि पिशवीवर ठेवा, डोळे मिटून आरामात गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलीच्या दस्त्यावर, टेका आणि डोळे उघडा. स्कोपचं चित्र पूर्ण गोल दिसायला हवं. मान वाकवावी लागली तर ओटा ठेंगणा आहे, हनुवटी उचलावी लागली तर उंच आहे.

पुढे थोडं कमी-जास्त झालं तर बेंचशी झटापट करू नका, स्टूलची उंची बदला. ते केव्हाही सोपं.

प्लाय किती जाड आणि कुठलं?

१८ मिमी, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १८ मिमीचं प्लाय १२ मिमीपेक्षा जवळजवळ ३.४ पट ताठ असतं. वजन मात्र दीडपटच वाढतं. २४ मिमी घेतलं तर आणखी ताठ होईल, पण इथे थांबून दुसरा विचार करा. उरलेल्या प्लायच्या ७५ मिमी रुंद पट्ट्या फळीच्या खाली उभ्या चिकटवल्या, तर दोन किलोच्या आत जो ताठपणा मिळतो तो नुसत्या जाडीने मिळणार नाही. एक बरगडी लांबीच्या दिशेने, रायफल जिथे असते तिच्या बरोब्बर खाली, शेपटीच्या टोकापर्यंत. दुसरी आडवी, पुढच्या दोन पायांच्या मध्ये. जलरोधक गोंद लावा, वरून स्क्रू मारा आणि स्क्रूची डोकी फळीत बुडवा.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचा विचारही करू नका. ओल लागली की फुगतात आणि बोल्टभोवतीची भोकं भुसभुशीत होतात.

पाय कशाचे करावेत?

माझं मत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपच्या बाजूने आहे. एक इंची पाइप, बाहेरून सुमारे ३३-३४ मिमी, वरच्या टोकाला आटे पाडलेले आणि फळीखाली आट्यांचा फ्लँज (पाइप ज्यात फिरवून बसतो ती भोकं असलेली लोखंडी चकती). नळकाम करणाऱ्याकडून पाइप कापून, आटे पाडून मिळतात. मध्यम जाडीच्या पाइपचं वजन मीटरला साधारण अडीच किलो, म्हणजे तिन्ही पाय मिळून पावणेसहा किलो होतात.

लाकडी पायांना फळीखाली खोबणीची पेटी करावी लागते. नवी असताना ती झकास बसते. पण पाय पुन्हा पुन्हा घालून-काढून लाकूड झिजतं, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं. लाकूडच हवं असेल तर पेटीत एका अंगाला पाचर ठोकायची सोय ठेवा, झीज तीच भरून काढेल. अॅल्युमिनियम हलकं असतं, पण त्याचे आटे लवकर मरतात.

पाय सरळ उभे ठेवले तर?

उभे पाय बाजूच्या धक्क्याला लगेच दाद देतात. शिवाय जमिनीवरचा तीन पायांचा त्रिकोण लहान राहतो. १२ अंश बाहेर झुकवा. फळीखाली ७६ सेमी उंची भरायची असेल तर पाइपची लांबी साधारण ७८ सेमी लागते आणि प्रत्येक पायाचं टोक १६ सेमी बाहेर जातं. १५ अंशांपर्यंत ठीक आहे, त्यापुढे पाय माणसांच्या पायात यायला लागतात.

पुढचे दोन पाय कोपऱ्यांच्या दिशेने तिरके बाहेर. मागचा पाय शेपटीखाली, पण तिच्या मधोमध न लावता थोडा उजवीकडे सरकवून, मागे आणि किंचित उजवीकडे झुकलेला. तसं केलं की उजवं कोपर जिथे टेकतं ती जागा त्रिकोणाच्या आत येते आणि तो पाय तुमच्या गुडघ्यातही येत नाही.

तिरप्या पायासाठी फ्लँज कसा बसवायचा?

सगळ्यात जपून करायचं काम हेच. सावकाश करा.

आधी प्रत्येक पायाच्या जागी फळीच्या खालून २० सेमी चौरस प्लायचा तुकडा चिकटवून जाडी दुप्पट, म्हणजे ३६ मिमी करा. त्यावर कडक लाकडाची पाचर बसवायची. फ्लँज १० सेमी व्यासाचा असेल आणि कोन १२ अंशांचा, तर पाचरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २१ मिमी फरक हवा. पातळ बाजू १० मिमी ठेवली तर जाड बाजू ३१ मिमी. जाड बाजू बेंचच्या आतल्या अंगाला, पातळ बाहेर. उलटी बसली तर पाय आत झुकतील, म्हणून चिकटवण्यापूर्वी पाइप हातात धरून एकदा खात्री करून घ्या. तिन्ही पाचरी एकाच लाकडातून, एकाच सेटिंगवर कापा. कोन ११ झाला की १३ याने फरक पडत नाही, पण तिन्ही सारखे हवेत, नाहीतर फळी एका बाजूला उतरते.

पाचर इपॉक्सीने चिकटवा. गोंद पूर्ण वाळल्यावर फ्लँज ठेवून खुणा करा आणि भोकं पाचरीच्या तिरप्या तोंडाशी काटकोनात पाडा. प्लायच्या वरच्या अंगाला चिपळ्या उडू नयेत म्हणून तिथे लाकडाचा तुकडा क्लॅम्पने आवळून ठेवा. भोकं अशी पाडल्याने वर बोल्टचं डोकं तिरकं येतं. त्यासाठी डोकं आणि वॉशर मावेल एवढा खळगा त्याच तिरपेत घ्या, डोकं आत बुडवा आणि काम झाल्यावर वरून इपॉक्सी आणि लाकडाच्या भुशाचा लगदा भरून घासून सपाट करा. बोल्ट ८ मिमीचे, खाली मोठे वॉशर आणि नायलॉनची कडी असलेले नट.

लाकडाच्या स्क्रूवर फ्लँज लावून मोकळं व्हायचा मोह होईल. पहिले काही दिवस तेही चालेल. पण पायाच्या पाऊण मीटर लांबीची तरफ रोज त्या स्क्रूंना उचकटत असते, आणि मग सांध्यात खेळ येतो.

पाइप फिरवून कितपत घट्ट करायचा?

पाइपचे आटे निमुळते असतात, त्यामुळे हाताने फिरवत गेलं की तो आपोआप आवळत जातो. हाताने थांबल्यावर आणखी पाव फेरा पुरे. त्यासाठी पाइपच्या खालच्या भागात आरपार भोक पाडून त्यात जाडसर सळई घालता येते, म्हणजे पाना बाळगायला नको. कुठला पाय कुठल्या फ्लँजचा हे कानशीने एक, दोन, तीन रेघा मारून ठरवून टाका. प्रत्येक जोडीचे आटे आपापल्या पद्धतीने बसलेले असतात, अदलाबदल केली तर एक सैल आणि एक अडकलेला अशी गत होते. आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि वाहतुकीत टोकांवर प्लॅस्टिकची टोपी. वाळू गेली की आटे खाल्ले म्हणून समजा.

फळीला मध्ये बिजागरी लावून घडी करता येईल का?

येईल, पण मी करणार नाही. सगळी खटपट सांधे कमी करण्यासाठी चाललेली असताना ऐन मध्यावर नवा सांधा का आणायचा? ११० बाय ७५ ची फळी बहुतेक गाड्यांच्या मागच्या सीटवर किंवा डिकीत तिरपी मावते. अगदीच मावत नसेल तर घडी आडवी घ्या आणि लांबीच्या दिशेची बरगडी एका भागाला पक्की ठेवून ती दुसऱ्या भागाखाली ३० सेमी तरी जाईल अशी करा. तिथे दोन बोल्ट आणि हाताने फिरवायचे नट. बिजागरी फक्त दोन भाग जोडलेले ठेवण्यापुरती, भार घ्यायला बरगडी.

उचलायला कडी कुठे?

फळीतच १० सेमी लांब आणि ३.५ सेमी रुंद खाच कापा आणि कडा गोल घासा. जागा ठरवायची तर फळी कडेवर उभी करून बोटांच्या चिमटीत धरा, जिथे ती कुठल्याच बाजूला झुकत नाही तिथे. पाय वेगळ्या कापडी पिशवीत.

मऊ जमिनीत पाय रुततात, काय करू?

उघडा पाइप म्हणजे गोल पटाशीच, तो माती कापत खाली जातो. आधी टोकाला रबरी बूट घाला. तेवढ्यानेही भागत नसेल तर प्रत्येक पायाखाली १० सेमी चौरस प्लायचा तुकडा, त्यात बुटाच्या मापाचा खळगा. टोपी घातलेल्या पाइपचं तळ ९ चौरस सेमीच्या आसपास असतं आणि तुकड्याचं १००, म्हणजे जमिनीवरचा दाब दहा-अकरा पटींनी कमी झाला. मांडून झाल्यावर फळीच्या मध्यावर दोन्ही हातांनी भार देऊन पाय एकदाचे बसवून घ्या, नंतर नेम धरताना बसण्यापेक्षा ते बरं.

काँक्रीटवर उलटा प्रश्न असतो, पाय बाहेर पसरू पाहतात. तिन्ही पायांना खालून फेरा मारणारा एक पट्टा आवळला की झालं.

बेंच कलंडण्याची भीती असते का?

असते, आणि ती नेमबाजी करताना कमी, उठताना जास्त. वरच्या मापाच्या बेंचमध्ये खाचेचा पुढचा डावा कोपरा पायांच्या त्रिकोणाच्या बऱ्याच बाहेर येतो. तिथे साधारण दहा किलोचा भार पडला तरी उजवीकडचा पाय उचलला जाऊ शकतो. आणि माणूस खुर्चीतून उठताना हात नेमका तिथेच टेकतो! म्हणून दोन गोष्टी. एक, उठताना हात स्वतःच्या मांडीवर. दुसरी, फळीच्या मध्याखाली एक हूक लावून २० लिटरचा पाण्याचा कॅन टांगा. घरून न्यायला रिकामा, तिथे भरला की २० किलो. काठोकाठ भरा, अर्धवट भरलेलं पाणी आत डुचमळतं आणि बेंच शांत व्हायला वेळ लागतो. कॅन झुलू नये म्हणून त्याचा तळ जमिनीला जेमतेम टेकेल असा दोर बांधा. वाळूची पिशवी मिळत असेल तर ती पाण्याहून सरस.

स्टूल बेंचलाच जोडून टाकलं तर?

तयार मिळणाऱ्या काही बेंचना असं जोडलेलं आसन असतं. नेमबाजाचं वजन मिळाल्याने बेंच जागचा हलत नाही, हा त्याचा गुण. पण तुम्ही घेतलेला प्रत्येक श्वास आणि बसल्या जागी बदललेली बैठक त्याच दांड्यातून फळीवर पोचते. मी वेगळं स्टूल घेतो. तेही तीन पायांचं.

वर गालिचा किंवा रबर चिकटवावं का?

कोपरांच्या जागी जरूर. पुढच्या रेस्टखाली मुळीच नाही. रेस्टचे पाय मऊ थरावर उभे राहिले तर भक्कम फळीचा उपयोग काय? पुढचा ३० सेमी भाग कडक आणि उघडा ठेवा, कोपरांखाली पातळ रबराचे तुकडे. संपूर्ण फळीवर जाड गालिचा लावलेला बेंच दिसतो देखणा, पण तो ओला होतो आणि त्यात काडतुसांच्या टोपणांपासून पिनांपर्यंत सगळं हरवतं.

बायपॉड (रायफलीलाच लावलेला दोन पायांचा टेकू) वापरतो. त्याला वेगळं काही करावं लागेल?

पुढच्या कडेपासून थोडं आत, फळीवर २ सेमी उंचीची एक आडवी लाकडी पट्टी बोल्टने लावा. बायपॉडचे पाय तिला टेकून खांद्याने हलका दाब देता येतो. गुळगुळीत फळीवर बायपॉड सरकतो आणि उडतो, त्यामुळे पायांखाली पातळ रबर ठेवा. दाब मात्र बेतानेच द्या, हा बेंच जमिनीत गाडलेला नाही.

रंग की पॉलिश?

बाहेरच्या वापराचं पॉलियुरेथेन, दोन-तीन हात. चकचकीत नको, ऊन असेल तर डोळ्यांवर तिरीप येते. गडद रंगही नको, फळी तापते आणि तिच्यावरची गरम हवा स्कोपसमोर लहरायला लागते. कडांना आणि पाडलेल्या प्रत्येक भोकात आतून जास्तीचा हात मारा, प्लाय पाणी पितं ते तिथूनच.

कुठली हत्यारं लागतील?

जिगसॉ किंवा बारीक दातांची करवत, ड्रिल, गुण्या, चार क्लॅम्प, कानस, पॉलिश पेपर, पाने. पाचरी कापायला सुताराचा टेबल सॉ वापरायला मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाहीतर रंधा मारून कोन आणता येतो.

बेंच खरंच पक्का झाला की नाही हे कसं कळणार?

हाताने हलवून बघण्यात अर्थ नाही, हाताला जे कळत नाही ते स्कोपला कळतं. रेंजवर, परवानगी घेऊन, रायफल रिकामी करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, रायफलीचा बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दट्ट्या, काढून बाजूला ठेवा. रायफल रेस्टवर ठेवून स्कोप जास्तीत जास्त मोठेपणावर न्या आणि क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) १०० मीटरवरच्या टार्गेटच्या मध्यावर आणा. आता रायफलीला हात न लावता नुसतं बघत राहा आणि सोबत्याला फळीचा पुढचा कोपरा एका बोटाने दाबायला सांगा. क्रॉसहेअर सरकेलच, न सरकणारा सुटा बेंच नसतो. बघायचं ते हे, की बोट उचलल्यावर क्रॉसहेअर पहिल्याच जागी परत आलं का. परत आलं तर फळी लवचीकपणे वाकली आणि सरळ झाली, ते क्षम्य आहे. थोडं बाजूला थांबलं तर कुठल्या तरी सांध्यात खेळ आहे किंवा पाय जमिनीत सरकला.

मग एकेका पायाला बुटाने हलकी टिचकी मारायला सांगा. दोन पायांच्या टिचकीने क्रॉसहेअर थरथरून लगेच थांबतं आणि तिसऱ्याने मात्र लोंबकळत राहतं असं झालं, तर दोषी सापडला. बहुधा त्या फ्लँजचा एखादा नट आवळायचा राहिलेला असतो.

शेवटी स्वतः बसा, कोपरं टेका, नेहमीसारखा श्वास घ्या. श्वासाबरोबर क्रॉसहेअर वर-खाली जात असेल तर ते बेंचचं काम आहे की तुमच्या छातीचं हे ओळखायला छाती फळीपासून दोन बोटं मागे घ्या. हलणं थांबलं तर बेंच निर्दोष, बैठक सुधारा.

या बेंचने माझे ग्रुप (टार्गेटवर पडणाऱ्या छिद्रांचे पुंजके) लहान होतील?

आधी डुगडुगत्या टेबलावर बसत असाल तर बहुतेक होतील. पण रायफल, काडतुसं आणि वारा यांचा हिशोब बेंच करत नाही. त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. स्कोप झीरो करताना, म्हणजे गोळी नेमाच्या जागीच लागेल असा जुळवताना, किंवा दोन प्रकारची काडतुसं ताडून बघताना दिसलेला फरक बेंचमुळे पडला का, ही शंका उरत नाही.

रेंजवर नेताना कुठल्या गोष्टी पाळायच्या?

आधी विचारा. काही रेंजवर स्वतःचा बेंच चालत नाही, काही ठिकाणी ठरावीक लेनमध्येच चालतो. मांडणी आणि आवराआवर गोळीबार थांबलेला असतानाच, रेंज ऑफिसरच्या परवानगीने. सगळ्यांचे बेंच फायरिंग लाइनवर एका रेषेत असतील तर तुमचाही त्याच रेषेत. तो पुढे गेला तर तुम्ही शेजाऱ्याच्या नळीच्या पुढे येता, मागे राहिला तर तुमची नळी त्याच्या कानाशी येते. दोन्ही वाईट.

नळीचं तोंड फळीच्या पुढच्या कडेच्या बाहेर असायला हवं. ते फळीवर राहिलं तर बाहेर पडणारा वायूचा झोत फळीवर आपटून धूळ, खडे आणि तुमचं सगळं सामान उडवतो. आणि माणसं टार्गेटकडे गेलेली असताना बेंचवरच्या रायफलीला, ती उघडी आणि रिकामी असली तरी, हात लावायचा नाही. बेंच जरासा सरळ करायचाय म्हणूनही नाही, कारण त्यावर रायफल आहे.

कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवंच, बेंच कुठलाही असो.

पावसाळ्यात ठेवायचा कसा?

पाय काढून, आटे पुसून, ग्रीस लावून. फळी भिंतीला तिरपी टेकवून महिनोन्महिने ठेवली तर तिला बाक येतो, म्हणून ती आडवी ठेवा, बरगड्या वर करून. मोसम सुरू होताना फ्लँजचे सगळे नट एकदा आवळून घ्या.